परवलीचा शब्द

गडकोटांच्या काळी रात्र पडली की दरवाजे बंद होत. मग कोणी बाहेरून हाक दिली, तर पहारेकरी त्याला परवलीचा शब्द विचारी. शब्द बरोबर निघाला तरच आत येऊ देत. अंधारात चेहरा ओळखू येत नसे. आपला कोण आणि परका कोण, हे त्या एका शब्दावरून ठरे. संगणकाच्या काळात मराठीने हा जुना शब्द पुन्हा हाती घेतला, आणि तो अगदी यथार्थ आहे.

आरंभी संगणकाला अशा पहाऱ्याची गरज नव्हती. १९५० च्या सुमारास संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले एक अवाढव्य यंत्र असे. लोक आपले काम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवून देत आणि पाळी आली की ते काम होई. यंत्राचा वेळ फार महाग असल्यामुळे हे ताटकळणे पुष्कळांना जाचक वाटे. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली त्यावर तोड काढली. यंत्राने क्षणभर एकाचे काम करावे, लगेच दुसऱ्याकडे वळावे, मग तिसऱ्याकडे. हे इतक्या वेगाने घडे, की यंत्र आपल्याच एकट्याच्या सेवेला आहे असे प्रत्येकाला वाटे.

परंतु एका वाड्यात दहा बिऱ्हाडे आली म्हणजे दारांना कड्या लागतातच. सर्वांचे लेखन आता एकाच यंत्रात साठू लागले. एकाचे टिपण दुसऱ्याने वाचू नये, खोडू नये, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा कप्पा आणि स्वतःचा परवलीचा शब्द देण्यात आला.

कड्या लागल्या, पण सगळ्या किल्ल्यांचा जुडगा कोठे होता? परवलीच्या सर्व शब्दांची यादी त्याच यंत्रात, सरळ वाचता येईल अशा स्वरूपात ठेवलेली होती. ॲलन शेर नावाच्या एका संशोधकाला यंत्राचा ठरवून दिलेला वेळ पुरेना. त्याने यंत्राकडून ती यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावांवर आपले काम चालू ठेवले. पुष्कळ वर्षांनी त्याने हे स्वतः सांगितले. युक्ती चतुर होती खरी, पण वेळ दुसऱ्यांचा होता.

१९६६ साली तर कोणी काही चोरले नसताना ती यादी उघडी पडली. प्रत्येकाला काम सुरू करताना एक दैनिक सूचना दिसत असे. एक जण ती सूचना दुरुस्त करीत होता. त्याच वेळी दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. लेखन सुधारणारी आज्ञावली दोघांचाही कच्चा मजकूर एकाच नावाने ठेवीत असे. त्यामुळे अदलाबदल झाली, आणि जो कोणी यंत्रापाशी बसेल त्याला सूचनेऐवजी सर्वांचे गुप्त शब्द दिसू लागले! दोघांपैकी कोणाच्याही मनात वाईट नव्हते. तरी सर्वांचे शब्द बदलावे लागले.

मग गुप्त शब्द ठेवावा कोठे? त्याच दशकात इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी मोठे मार्मिक उत्तर शोधले: यंत्राने तो ठेवूच नये. शब्दावर गणिताची अशी प्रक्रिया करावी, की शब्दापासून खूण सहज तयार व्हावी, पण खुणेवरून मूळ शब्द काढता येऊ नये. दळलेल्या पिठातून पुन्हा गहू कसा मिळावा? यंत्र फक्त खूण जपते. मनुष्याने शब्द दिला, की तो पुन्हा दळून खुणा जुळतात का, एवढेच पाहते. यादी चोरीस गेली तरी चोराच्या हाती पीठच लागते. मात्र ‘१२३४५६’ असा सोपा शब्द असेल, तर चोर असे हजारो शब्द स्वतः दळून पाहतो आणि खूण जुळवतो. तेथे गणिताचा इलाज चालत नाही.

कप्प्यांची व्यवस्थाही पुढे सुधारली. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचण्यास आरंभ केला. तीत प्रत्येक फोल्डरला एक मालक असतो. मालक, त्याचा गट आणि बाकीचे लोक, अशा तिघांसाठी वाचणे, बदलणे व आत शिरणे यांची परवानगी वेगवेगळी ठरविता येते. आत शिरण्याची मनाई असेल, तर आतील एकेक कागद उघडा असला तरी परक्याला तेथवर पोचता येत नाही. फोल्डर नुसते लपवून ठेवणे हे याहून अगदी निराळे. साधी मांडणी बदलताच लपविलेले फोल्डर समोर येते.

तथापि हा पहारा यंत्र चालू असेतोवरच उभा असतो. तबकडी काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर तेथे जुन्या पहारेकऱ्याचा हुकूम चालत नाही. म्हणून फार खासगी लेखन सांकेतिक लिपीत रूपांतरित करून ठेवतात. मग तबकडी कोणाच्याही हाती पडो, किल्लीवाचून त्याला निरर्थक अक्षरेच दिसतात. मालकाने स्वतःच किल्ली हरवली आणि ती अन्यत्र जपून ठेवलेली नसली, तर त्यालाही तीच अक्षरे दिसतात.