निवेदकाला हे कसे कळले? : सूक्ष्म वाचन आणि कादंबरीलेखनाचे शिक्षण ('बनगरवाडी'च्या विशेष संदर्भात)

कादंबरी लिहावयास शिकता येते काय, हा प्रश्न मराठीच्या पदव्युत्तर वर्गात क्वचितच विचारला जातो. विचारला गेलाच तर प्रतिभा उपजत असते एवढे सांगून तो मिटविला जातो. आपल्या काव्यशास्त्राने मात्र तो इतक्या सहजपणे मिटविलेला नाही. अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिन्हींचा मिळून एकच काव्यहेतू मानला. निपुणता लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या अवलोकनातून येते, आणि अभ्यास हा काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणीखाली करावयाचा असतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्याच शतकातील क्षेमेंद्राने 'कविकण्ठाभरणा'त होतकरू कवीसाठी प्रत्यक्ष सराव सांगितले. पूर्वीच्या पद्यातील शब्द बदलून पाहणे हा त्यांतला एक. दुसऱ्याची रचना उलगडून पाहिल्याने स्वतःची प्रतिभा बाटते, अशी शंका या आचार्यांना आलेली दिसत नाही.

मराठी कथासाहित्यात ही शंका प्रबळ झाली त्याला एक इतिहास आहे. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथातून कथा-कादंबरीच्या रचनेचा विचार विद्यार्थ्याला उपयोगी पडेल अशा रीतीने मांडला. पुढे 'तंत्र' हा शब्द त्यांच्या नावाशी इतका निगडित झाला की १९४५ नंतरच्या नवकथेने फडके संप्रदायाला विरोध करताना तंत्र या कल्पनेलाच संशयित ठरविले. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या कथेने ठरीव साच्याचे बंधन झुगारले, हे योग्यच झाले. परंतु साचा नाकारणे आणि रचनेचा विचारच नाकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. समीक्षेने त्यांची गल्लत केली आणि त्याची किंमत आपले वर्ग आजही मोजीत आहेत. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, भाषाशैली या चार खणांत कादंबरी वाटून टाकली की 'वैशिष्ट्ये सांगा' या प्रश्नाचे उत्तर तयार होते. (बाजारातील मार्गदर्शिकांना हे खण फार सोयीचे पडतात.) पण ज्या विद्यार्थ्याला उद्या स्वतः एक प्रकरण लिहावयाचे आहे, त्याच्या हाती या उत्तरातून काहीच लागत नाही.

सूक्ष्म वाचनाची जी शिस्त आय. ए. रिचर्ड्‌स यांच्या १९२९ च्या ग्रंथापासून इंग्रजी समीक्षेत रुजली, ती प्रामुख्याने कवितेवर पोसली गेली. क्लिंथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांनी १९४३ मध्ये कथासाहित्याचे पाठ्यपुस्तक सिद्ध केले खरे, तथापि तीनशे पृष्ठांची कादंबरी शब्दशः वाचणार कशी, ही अडचण उरतेच. माझ्या मते तिच्यावर एक व्यवहार्य तोड आहे. कादंबरीला सर्व प्रश्न एकदम विचारू नयेत. एकच विचारावा, पण तो वाक्यागणिक विचारावा : हे निवेदकाला कसे कळले?

हा प्रश्न मराठीत विशेष फलदायी ठरतो, कारण त्याचे उत्तर पुष्कळदा क्रियापदातच असते. पुढील रूपे पाहावीत. 'म्हातारा परत आला' : निवेदक घटनेची हमी घेतो. 'म्हातारा परत आला होता' : निवेदक घटनेनंतर तेथे पोचला आहे. 'आलेला दिसतो' : काही खूण त्याच्या दृष्टीस पडली आहे. 'आला असावा' : खूणही नाही, केवळ तर्क. 'आला म्हणे' : बातमी दुसऱ्याची, आणि तिच्यावर विश्वास ठेवण्याची सक्ती नाही. आता 'म्हातारा तिन्हीसांजेला परत येई' हे वाक्य घ्यावे. शालेय व्याकरण याला रीतिभूतकाळ म्हणून सोडून देते. लेखनाच्या दृष्टीने मात्र ते सर्वांत खर्चिक रूप आहे. 'आला' म्हणावयास एक संध्याकाळ पुरते. 'येई' म्हणावयास त्या गावात अनेक संध्याकाळी काढाव्या लागतात. या रूपाचा अधिकार निवेदकाला मिळवावा लागतो, आणि नवखा लेखक तो पहिल्याच परिच्छेदात फुकट घेऊन मोकळा होतो.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. औंध संस्थानातील धनगरांच्या एका लहान वस्तीवर एक तरुण शिक्षक नेमला जातो, तो तेथे पायी चालत जातो, काही काळ राहतो, आणि दुष्काळाने वाडी ओस पडल्यावर निघून जातो. रूढ अर्थाने कथानक म्हणावे असे एवढेच. मग ही कादंबरी एकसंध कशी राहते? प्रादेशिकता, माणुसकी, संयम ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु ती परिणामाची नावे आहेत. कारण शोधावयाचे तर निवेदकाच्या पेशाकडे पाहिले पाहिजे.

निवेदक मास्तर आहे. वाडीत लिहिता-वाचता येणारा आणि बाहेरच्या जगाशी संबंध असलेला माणूस म्हणजे तो. त्यामुळे पोरांना शिकविण्यापलीकडची कामे त्याच्याकडे येऊ लागतात. कुणाचा कागद वाचावयाचा असतो, कुणाचे काम तालुक्याच्या गावी करावयाचे असते, कुणाचे गाऱ्हाणे ऐकावयाचे असते. ही कामे म्हणजे वाडीच्या घराघरांत जाण्याच्या वाटाच आहेत. मास्तरऐवजी माडगूळकरांनी एखादा प्रवासी निवेदक घेतला असता तर त्याला वाडी दिसली असती, पण वाडीने त्याला काही सांगितले नसते. वाडीतलाच एखादा मेंढका घेतला असता तर त्याला सारे ठाऊक असते, परंतु त्यांतले काहीच सांगण्याजोगे वाटले नसते. परका असणे आणि विश्वासाचा असणे या दोन्ही अटी एकाच माणसात पुऱ्या व्हावयास हव्या होत्या. शाळामास्तराच्या नोकरीने त्या पुऱ्या केल्या. विद्यार्थ्याने येथे शिकावयाचे ते हे, की निवेदकाची निवड ही प्रथमपुरुष की तृतीयपुरुष एवढ्या व्याकरणिक पर्यायापाशी संपत नाही. त्याच्या दारात कोण येणार, कशासाठी येणार आणि काय बोलून जाणार, हे त्या निवडीतच ठरून जाते.

भाषेचाही उलगडा येथेच होतो. कादंबरीतील निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि वाडीतील माणसांचे संवाद माणदेशी बोलीत. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत या विभागणीवर अनेकदा आक्षेप घेतला जातो : लेखक स्वतः प्रमाण भाषेच्या ओट्यावर बसतो आणि पात्रांना बोलीच्या अंगणात उभे करतो. काही ग्रामीण कथांच्या बाबतीत हा आक्षेप सयुक्तिक आहे. 'बनगरवाडी'त मात्र प्रमाण भाषा लेखकाची नसून शिकलेल्या मास्तराची आहे, आणि ती भाषा येते म्हणूनच वाडीला त्याची गरज आहे. दोन भाषांमधील अंतर हा येथे कथेच्या आशयाचाच भाग होतो.

तिसरी गोष्ट कालाची. कोणत्याही प्रथमपुरुषी निवेदनात दोन 'मी' असतात. एक तेव्हा अनुभवणारा आणि एक आता सांगणारा. सांगणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. वाडी उठणार, कारभारी जाणार, शाळा बंद पडणार, हे 'बनगरवाडी'च्या सांगणाऱ्या मास्तराला पहिल्या पृष्ठापासून माहीत आहे; पण तो ते ज्ञान वापरीत नाही. तो वाचकाला पहाटेच्या वाटेवर अनुभवणाऱ्या मास्तराबरोबर चालवतो. वाडी वाचकाला कळते ती त्या तरुणाला कळेल तेवढीच, त्याच क्रमाने. कादंबरीच्या संयमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची तांत्रिक बाजू पाहू गेल्यास ती एवढीच, की सांगणाऱ्याने आपले तोंड आवरले आहे. शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः औताला खांदा देते, हा प्रसंग वर्गात वाचताना विद्यार्थी हेलावतात आणि लगेच 'दारिद्र्याचे विदारक चित्रण' असे शीर्षक देऊन मोकळे होतात. त्याऐवजी त्यांना विचारावे : मास्तर तेथे किती वेळ उभा आहे? त्याला काय दिसते, आणि काय वाटले हे किती शब्दांत सांगितले आहे? हे शब्द मोजावयास लावले की 'विदारक' हे विशेषण आपोआप गळून पडते.

या संयमाचा अर्थ नीट कळावा म्हणून त्याच्याविरुद्ध टोकाचे उदाहरण समोर ठेवणे उपयुक्त ठरते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणुकी'तून क्रमशः आली. येथेही निवेदक प्रथमपुरुषी, येथेही सांगणाऱ्या यमुनेला शेवट ठाऊक आहे; परंतु ती आपले उत्तरज्ञान झाकून ठेवीत नाही. वाचकाला संबोधणे, मागे वळून उसासणे, पुढील दुःखाची चाहूल देणे हा तिच्या कथनाचा धर्मच आहे. याला आपण चटकन 'पाल्हाळ' म्हणतो. पण साप्ताहिकाच्या वाचकाला पुढील अंकापर्यंत बांधून ठेवण्याचे काम ही चाहूल करीत असावी. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जिचे आयुष्यात कुणी ऐकून घेतले नाही अशी स्त्री येथे बोलते आहे. तिने मास्तरासारखे तोंड आवरले असते तर कादंबरीचे नावच निरर्थक झाले असते. शिवाय पतीच्या प्रोत्साहनाने तिचे लेखन-वाचन वाढते, म्हणजे आपली कहाणी सांगण्याचे साधन तिला त्या कहाणीतूनच मिळते. निवेदकाला कळले कसे, याच्याइतकाच निवेदकाला लिहिता कसे आले हाही प्रश्न आहे, आणि हरिभाऊंनी त्याची सोय कथेच्या पोटातच केली आहे. ही सोय आजच्या अनेक आत्मकथनपर कादंबऱ्यांत आढळत नाही.

'कोसला'चा (१९६३) विचार येथे थोडक्यातच करता येईल. पांडुरंग सांगवीकर सांगणारा आणि अनुभवणारा यांतील अंतर स्थिर राहू देत नाही. कोठे ते थट्टेने वाढते, कोठे रोजनिशीच्या रूपाने ते एका दिवसावर येते, आणि मनीच्या मृत्यूच्या भागात ते जवळजवळ नाहीसे होते. नवोदितांनी नेमाड्यांच्या वाक्यांची लकब उचलली. हे अंतर कमी-अधिक करण्याचे कसब फार थोड्यांनी पाहिले. अनुकरण आणि अभ्यास यांतला फरक यापेक्षा स्पष्ट दाखविणारे उदाहरण मला सापडत नाही.

वर्गात हे कसे करावे याविषयी दोन शब्द. पंधरा-वीस पृष्ठेच घ्यावीत, आणि समासात प्रत्येक वाक्यासमोर एक खूण करावी : पाहिले, ऐकले, तर्क केला, मागाहून कळले. ज्या वाक्यापुढे कोणतीच खूण करता येत नाही, ते वाक्य बाजूला काढावे. तेथे एक तर लेखक चुकला आहे किंवा त्याने काही विलक्षण केले आहे. त्यानंतर क्षेमेंद्राचा सराव गद्याला लावावा : तोच प्रसंग कारभाऱ्याच्या तोंडून लिहून पाहावा. विद्यार्थ्यांना आरंभी हे सोपे वाटते. थोड्याच वेळात त्यांच्या ध्यानात येते की मास्तराला नवल वाटलेल्या निम्म्या गोष्टी कारभारी उच्चारणारच नाही, आणि उच्चारील त्या गोष्टी मास्तराला ठाऊकच नाहीत. अशा वाचनाने कलाकृतीचा रस आटतो, ही तक्रार मी ऐकली आहे. ज्यांनी हा सराव एकदा तरी पुरा केला त्यांच्याकडून मात्र ती कधी ऐकली नाही.

मर्यादाही सांगितली पाहिजे. माणदेशची माती आणि माणसे माडगूळकरांना कोणत्याही वाचनाने दिलेली नाहीत, आणि सूक्ष्म वाचन अनुभवाची जागा घेऊ शकत नाही. मम्मटाने काव्यांच्या आधी लोकांचे अवलोकन सांगितले आहे, हे विसरू नये. वाचनाने कळते ते एवढेच, की हाती असलेला अनुभव कोणत्या दाराने आत आणावा. आणि कधी कधी असेही, की दार बंद झाल्यावर काय करावे.

या दुसऱ्या अडचणीसाठी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) अभ्यासक्रमात अवश्य असावी. युरोपातून निघालेल्या जहाजावर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची गाठ पडते. जहाज मुंबईला लागते, चक्रधर उतरतो, हॅर्टाला उतरता येत नाही आणि जहाज पूर्वेकडे निघून जाते. कथा आता जहाजावर आहे, निवेदक धक्क्यावर. बेडेकरांना येथे सर्वज्ञ निवेदक आणण्याची मुभा होती. त्यांनी ती घेतली नाही. पुढचे सारे कळते ते पत्रांतून, म्हणजे घडून गेल्यावर आणि काहीही करता येण्याची वेळ टळल्यावर. विद्यार्थ्यांनी या पत्रांपाशी थांबावे आणि प्रत्येक पत्र चक्रधराच्या हाती पडते तेव्हा ते लिहिणारी कोठवर पोचलेली असेल, याचा हिशेब मांडून पाहावा.