नरनाळ्याचा डोंगर

वऱ्हाडात थंड हवेचा डोंगर म्हटले की सर्वांना चिखलदरा आठवतो. नरनाळ्याचा डोंगर मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. तो अकोला जिल्ह्याच्या उत्तरेस, अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून 900 मीटरांहून अधिक आहे. पायथ्याशी शहानूर हे गाव आहे.

गावातून वर जाणारी वाट सागाच्या जंगलातून जाते. साग, धावडा, सालई, मोह, तेंदू असे वृक्ष येथे आहेत. अस्वल, सांबर, भेकर, बिबट्या हे प्राणी येथे राहतात. 1997 साली येथे अभयारण्य घोषित झाले.

डोंगरावर जुना किल्ला आहे. त्याचा महाकाली दरवाजा फार सुंदर आहे. त्यावर कमळाची फुले कोरलेली आहेत. दरवाजावरील अरबी शिलालेख बहमनी काळातील, 1487 सालचा आहे. मुलांनो, त्यातील अक्षरे तुमच्या ओळखीचीच आहेत!

किल्ल्यात पाण्याचे अनेक तलाव आहेत. त्यांपैकी मोठ्या तलावाचे नाव शक्कर तलाव. आता डोंगरावरून दक्षिणेकडे पाहा. खाली पूर्णा नदीचे काळेभोर सपाट खोरे दिसते. जमीन कसदार, पण तेथील कित्येक गावांत विहिरीचे पाणी खारट असते. म्हणून या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. ते पाणी पिता येत नाही आणि पिकांनाही मानवत नाही.

मग या लोकांची तहान कोण भागवतो? सातपुडाच! शहानूर, वान या नद्या याच डोंगररांगेतून खाली येतात. त्यांच्यावरील धरणांतून अनेक गावांना नळाने गोडे पाणी मिळते.

सागाची पाने गळतात व त्यांचा पाचोळा जमिनीवर पसरतो. पावसाचे पाणी त्यात अडते आणि हळूहळू जमिनीत मुरते. झाडे तुटली, तर तेच पाणी माती घेऊन धावत सुटेल. ओढे लवकर आटतील व धरणे गाळाने भरतील.

डोंगरावर पडलेल्या कुऱ्हाडीचा घाव असा खालच्या गावातील घागरीला लागतो.

शब्दार्थ : शिलालेख – दगडावर कोरलेला मजकूर, कसदार – सुपीक, पाचोळा – वाळलेली पाने, गाळ – पाण्याबरोबर वाहून आलेली माती.

स्वाध्याय
1. खारपाणपट्टा कशाला म्हणतात?
2. जंगल पाणी कसे राखते?
3. तुमच्या घरचे पिण्याचे पाणी कोठून येते, ते विचारून पाच ओळी लिहा.