लहान बागेसाठीं स्तंभाकार सफरचंदाची निवड

धान्याचें बीं चुकलें, तर पुढील हंगामांत तें बदलतां येतें. फळझाड चुकलें, तर ती चूक ध्यानांत येईपर्यंत चार-पांच वर्षें निघून जातात. आणि जागा लहान असल्यास दुसरें झाड लावण्यास ठावहि उरत नाहीं. म्हणून इंग्लंड, कॅनडा यांसारख्या थंड देशांत घराभोंवतालच्या अल्प जागेंत लावल्या जाणाऱ्या स्तंभाकार सफरचंदाची निवड कशी करावी, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

साधारण सफरचंदाचें झाड चोहोंकडे फांद्या पसरतें. स्तंभाकार झाडास लांब फांद्या क्वचितच फुटतात. एकच जाड खोड सरळ वर जातें व त्यालगतच्या आखूड काड्यांवर फळें धरतात. उंची ८ ते १० फूट झाली, तरी रुंदी २ फुटांच्या आसपासच राहते. हा गुण छाटणीचा नसून झाडाच्या प्रकृतीचा आहे.

त्याची उत्पत्ति अशी: कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत केलोना येथें विज्चिक नामक बागाईतदाराच्या बागेंत, १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, मॅकिंटॉश जातीच्या एका जुन्या झाडावर अशी विलक्षण फांदी आढळली. तिच्या कलमांस ‘मॅकिंटॉश विज्चिक’ हें नांव मिळालें. पुढें इंग्लंडांत केंट परगण्यांतील ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्रानें तिचा इतर जातींशीं संकर करून ‘बॅलेरिना’ हा वर्ग निर्माण केला. त्यांपैकीं ‘बोलेरो’, ‘पोल्का’ व ‘वॉल्ट्झ’ यांचीं फळें खाण्याचीं असून ‘मेपोल’ हें रानसफरचंदाच्या वर्गांतील, जेलीस उपयोगी आहे.

निवड करतांना तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट वंश. खुज्या खुंटावरील कलम लहान राहतें, पण फांद्या पसरणें सोडीत नाहीं. छाटून उभें केलेलें झाडहि छाटणी थांबतांच पसरूं लागतें. जमिनीच्या व्यवहारांत उतारा पाहिल्यावांचून शहाणा मनुष्य पैसे मोजीत नाहीं. त्याप्रमाणेंच जातीचें नांव लेखी घेतल्यावांचून कलम घेऊं नये. बियांपासून झाड करूं नये. कांहीं रोपांत स्तंभाकार उतरेल, पण फळाचा गुण उतरेलच असें नाहीं.

दुसरी गोष्ट पराग. सफरचंदास बहुधा परक्या जातीचा पराग लागतो. एकाच जातीचीं दोन कलमें म्हणजे वस्तुतः एकच झाड होय. यास्तव एकाच वेळीं फुलणाऱ्या दोन भिन्न जाती दोन-तीन फुटांच्या अंतरानें लावाव्या.

तिसरी गोष्ट थंडी. मॅकिंटॉशसारख्या जातींस हिवाळ्यांत ७ अंश सेल्सियसखालील थंडी सुमारें ८०० ते १,००० तास मिळावी लागते. ती न मिळाल्यास डोळे नीट फुटत नाहींत. महाराष्ट्राच्या पठारावर इतकी थंडी पडत नाहीं. येथें लावल्या जाणाऱ्या ‘अ‍ॅना’, ‘डॉर्सेट गोल्डन’ व हिमाचल प्रदेशांतील ‘एचआरएमएन-९९’ या जातींस थंडी कमी पुरते, परंतु त्या स्तंभाकार नव्हेत. त्यांस पसरण्यास जागा व वेळोवेळीं छाटणी हवी. कमी थंडीवर येणें आणि कमी जागेंत मावणें, या दोन गुणांची गल्लत करूं नये.

मशागत थोडी आहे. शेंडा छाटूं नये. छाटल्यास खालून अनेक शेंडे फुटून स्तंभाचा आकार बिघडतो. बाजूस एखादी फांदी लांबलीच, तर ती दोन-तीन डोळ्यांवर आखूड करावी. या झाडांस एक वर्ष भरपूर व दुसरें वर्ष रितें जाण्याची खोड आहे. म्हणून फळें बोराएवढीं असतांनाच प्रत्येक घोसांत एक-दोन ठेवून बाकीचीं काढावीं. काढतांना जीव हळहळतो. पण न काढल्यास पुढील वर्षाचें पीक याच वर्षीं खाल्ल्यासारखें होतें.

ज्यांचे आप्त थंड मुलखांत राहतात, त्यांनीं ही माहिती त्यांस अवश्य कळवावी. येथील वाचकांनीं मात्र स्तंभाचें चित्र पाहून मागणी नोंदविण्यापूर्वीं आपल्या गांवच्या हिवाळ्याचा हिशेब आधीं मांडावा.