वाहते ती काच नव्हे, शिसे!

फिजिक्सच्या तासाला ऐकलेली एक गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. काच हा म्हणे घन पदार्थ नाहीच, तो अतिशय घट्ट द्रव आहे. म्हणूनच युरोपातल्या जुन्या चर्चच्या काचा खाली जाड आणि वर पातळ झाल्या आहेत! गोष्ट छान आहे, पण खरी नाही. त्या काळी काच तोंडाने फुंकून, गरगर फिरवून बनवत. त्यामुळे एकाच तुकड्याची जाडी कमीजास्त असायची. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एडगर झानोटो यांनी १९९८ साली गणितच मांडले. नेहमीच्या तापमानाला काच डोळ्यांना दिसेल इतकी वाहायची असेल, तर विश्वाच्या वयापेक्षाही जास्त काळ लागेल.

गंमत म्हणजे त्याच खिडकीत खरोखर वाहणारा एक पदार्थ असतो. तो म्हणजे काचा जोडणारे शिसे. आणि तो वाहतो, म्हणूनच काच टिकते. कसे, ते पाहू.

वऱ्हाडचा आणि या खिडक्यांचा संबंध काय?

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत दारावरच्या कमानीत लाल, निळ्या, पिवळ्या काचा दिसतात, पण त्या लाकडी चौकटीत बसवलेल्या असतात. शिशात जडवलेल्या चित्रमय काचा पाहायच्या तर मुंबई गाठावी लागते. बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून रात्रीच्या गाडीत बसलो की सकाळी आपण उतरतो ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या आणि १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीतच अशा काचा आहेत. तिथून पायी जाण्याच्या अंतरावर मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर आहे. १८६९ ते १८७८ या काळात तो बांधला गेला. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि हे गृहस्थ भारतात कधी आलेच नाहीत!

टॉवरसाठी पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिले आपल्या आईचे. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले, आणि त्या तेजीत प्रेमचंद गब्बर झाले. मुंबईला जाणाऱ्या त्या कापसात आपल्या वऱ्हाडचाही कापूस होता. म्हणजे त्या खिडक्या आपल्याला अगदीच परक्या नाहीत.

खिडकी बनते कशी?

१) आधी पूर्ण मापाचे चित्र कागदावर काढतात. प्रत्येक तुकड्याला नंबर देतात. दोन तुकड्यांमध्ये शिशाच्या मधल्या पडद्याइतकी जागा सोडतात. ही जागा विसरली तर शेवटी खिडकी चौकटीत मावत नाही.

२) काच रंगीतच घेतात. निळा रंग कोबाल्टचा, लाल रंग तांब्याचा किंवा सोन्याचा. तो काच वितळलेली असतानाच मिसळलेला असतो. ती हिरकणीने किंवा चाकाच्या कटरने कापतात. चेहरा, कपड्याच्या चुण्या अशा बारीक रेषा धातूचे ऑक्साइड आणि काचेची पूड यांच्या रंगाने काढून सुमारे ६०० ते ६५० अंशांवर भट्टीत भाजतात.

३) मग शिशाची पट्टी. हिचा छेद आपल्या आय-सेक्शन बीमसारखा असतो. मधला पडदा म्हणजे वेब, दोन बाजूंचे ओठ म्हणजे फ्लँज. दोन्हीकडच्या खाचांत काच बसते.

४) सांधे सोल्डर करतात. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेले सोल्डर साधारण १९० अंशांना पूर्ण वितळते, शुद्ध शिसे ३२७ अंशांना. आयर्न जास्त तापले किंवा जास्त वेळ टेकले तर सोल्डरसोबत पट्टीही वाहून जाते!

५) शेवटी ओठांखाली लांबी भरतात. ही लांबी म्हणजे खडूची बारीक पूड आणि जवसाचे तेल. आपण ज्याची चटणी खातो तेच जवस! याने पाणी अडते आणि काच खडखडत नाही.

६) तयार तावदान मागच्या आडव्या लोखंडी गजांना तांब्याच्या तारांनी बांधतात.

शिसेच का?

आता आपल्या मटेरियल सायन्सचा भाग. शिसे ६०० केल्व्हिनला वितळते. खोलीचे तापमान ३०० केल्व्हिन, म्हणजे बरोबर निम्मे. पोलादाचा वितळणबिंदू साधारण १८०० केल्व्हिन धरला, तर टेबलावर पडलेले शिसे हे ९०० केल्व्हिनला, म्हणजे सव्वासहाशे अंश सेल्सिअसला तापलेल्या पोलादासारखे वागते. त्यामुळे स्वतःच्या वजनानेसुद्धा ते हळूहळू सरकते. यालाच आपण क्रीप म्हणतो.

दुसरे गणित प्रसरणाचे. एका अंशाला शिसे मीटरमागे ०.०२९ मिलिमीटर वाढते, काच ०.००९. पहाट आणि दुपारचे ऊन यांत ३० अंशांचा फरक धरा. एक मीटर शिसे ०.८७ मिलिमीटर वाढेल, तेवढीच काच फक्त ०.२७. उरलेले ०.६ मिलिमीटर जाणार कुठे? अकोल्याचा मे महिना आठवा म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळेल! जोड कडक असता तर काच तडकली असती. मऊ शिसे आणि लवचीक लांबी तो ताण स्वतः सोसतात. पण रोज सोसून सोसून शेवटी थकतात. लांबी झडते, सांध्याजवळ शिसे चिरते, तारा तुटतात आणि तावदानाला पोट येते. साधारण शंभर वर्षांनी ही वेळ येते.

दुरुस्ती की नासधूस?

खरा धोका इथेच असतो. पोट आलेले तावदान दिसले की कोणीतरी फटीत सिमेंट भरतो, सांध्यांवर कडक एपॉक्सी थापतो. काम मजबूत दिसते. पण आता ताण सोसणारे कोणी उरले नाही, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात काचच फुटते. मग तिच्या जागी रंगीत ॲक्रिलिक येते आणि हाताने रंगवलेले जुने काम कायमचे जाते.

योग्य रीत संथ आहे. आधी फोटो आणि कागदावर ठसा घ्यायचा, तुकड्यांना नंबर द्यायचे. तावदान आडवे ठेवून जुने शिसे कापून काढायचे. काच शुद्ध पाणी आणि कापसाच्या बोळ्याने पुसायची. ॲसिड नको, तारेची घासणी तर नकोच. तडकलेला मूळ तुकडा न फेकता पारदर्शक रेझिनने सांधायचा. मग नवे शिसे, नवी लांबी, नव्या तारा. राजाबाई टॉवर आणि ग्रंथालयाची इमारत अशाच काळजीने जपली गेली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्याने २०१५ मध्ये ते काम पूर्ण झाले.

वर्कशॉपमध्ये फूटभर लांबी-रुंदीचे तावदान आपणही करून पाहू शकतो. फक्त एक लक्षात असू द्या, शिसे विषारी आहे. खिडक्या उघड्या ठेवा, शिसे घासून धूळ करू नका, काम करताना काही खाऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवा.

शेवटी, या खिडकीतून आपण काय घ्यायचे? घरातला फ्यूज स्वतः जळतो आणि महागडे यंत्र वाचवतो. बेअरिंगचे मऊ बुश झिजते आणि शाफ्ट वाचतो. शिसेही तेच करते. कुठला भाग मजबूत करायचा हे तर कोणीही ठरवेल. कुठला भाग आधी झिजू द्यायचा आणि तो सहज बदलता कसा येईल, हे ठरवतो तो खरा इंजिनिअर. पुढच्या वेळी मुंबईला उतराल तेव्हा गर्दीतून दोन मिनिटे काढा, मान वर करा आणि रंगांइतकेच त्यांमधल्या काळ्या रेषांकडेही बघा!