शक्ती कशात मोजावी? : गेम कन्सोल आणि संगणक

प्रस्तावना

दोन वस्तूंची तुलना करणे हा आपल्या नित्य व्यवहाराचा भाग आहे. धान्य घेताना केवळ भाव पाहून भागत नाही. दाणा पाहावा लागतो, वजनही पाहावे लागते. यंत्रांच्या बाबतीत मात्र जाहिरातीतील मोठे आकडे पाहून डोळे दिपतात आणि तुलनेची कसोटी कोणती, हा मूळ प्रश्न बाजूला राहतो. प्रस्तुत पाठात एका प्रसिद्ध यंत्राच्या उदाहरणातून या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
१. गेम कन्सोल आणि संगणक यांतील फरक सांगू शकाल.
२. तुलनेसाठी योग्य कसोट्या निवडू शकाल.
३. तुलनात्मक परिच्छेद लिहू शकाल.

मूळ पाठ

दूरचित्रवाणी संचाला जोडून ज्यावर खेळ खेळले जातात, त्या यंत्राला गेम कन्सोल म्हणतात. त्यातील सर्व भाग कारखान्यातच ठरवून बसवलेले असतात. याउलट, खेळांसाठी जुळवलेल्या संगणकातील प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड हे भाग मालकाला आपल्या ऐपतीप्रमाणे निवडता येतात आणि पुढे बदलताही येतात.

सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ३ हा कन्सोल ११ नोव्हेंबर २००६ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्यातील ‘सेल’ हा प्रोसेसर सोनी, तोशिबा आणि आयबीएम या तीन कंपन्यांनी मिळून घडवला होता. त्याची रचना वेगळी होती. एखाद्या बांधकामावर एक मुकादम काम वाटून देतो आणि अनेक मजूर ते पार पाडतात, तसा त्यात एक मुख्य विभाग आणि आठ साहाय्यक विभाग होते. आठांपैकी एक विभाग बंद ठेवलेला असे. त्यामुळे निर्मितीत एखादा विभाग सदोष निघाला, तरी संपूर्ण प्रोसेसर वाया जात नसे. आणखी एक विभाग यंत्रणेसाठी राखीव होता. उरलेले सहा विभाग खेळांच्या वाट्याला येत.

गंमत अशी, की अवघे तीन दिवस आधी, म्हणजे ८ नोव्हेंबर २००६ रोजी, एनव्हिडिया कंपनीने संगणकासाठी ‘जीफोर्स ८८०० जीटीएक्स’ हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणले होते. प्लेस्टेशनमधील चित्रप्रक्रियेचा भागही याच कंपनीच्या आराखड्यावर बेतलेला होता. पण तो आधीच्या पिढीचा होता. संपूर्ण कन्सोलची मेमरी ५१२ मेगाबाइट होती, तर एकट्या कार्डावर ७६८ मेगाबाइट मेमरी होती. केवळ या आकड्यांवरून निकाल द्यायचा झाला, तर कन्सोल जन्मतःच मागे पडला होता, असे म्हणावे लागेल.

परंतु किमतीकडे पाहिले, की चित्र पालटते. अमेरिकेत त्या कार्डाची जाहीर किंमत ५९९ डॉलर होती आणि ६० गिगाबाइट हार्ड डिस्क असलेल्या कन्सोलचीही तेवढीच होती. कार्ड घेणाऱ्याला उर्वरित संगणकासाठी निराळा खर्च करावा लागे. कन्सोल मात्र घरी आणताच वापरता येई. हे शक्य झाले, कारण सोनी तो प्रारंभी उत्पादनखर्चाहून कमी किमतीला विकत होती. ही तूट खेळांच्या विक्रीतून भरून काढण्याचा हिशेब होता.

दुसरी कसोटी काळाची. कन्सोलचे मुख्य भाग सर्वत्र सारखे असल्याने खेळ तयार करणाऱ्यांना एकाच यंत्राचा वर्षानुवर्षे कसून अभ्यास करता येतो. ‘सेल’साठी प्रोग्राम लिहिणे सुरुवातीला फार अवघड ठरले, पण जून २०१३ मध्ये आलेला ‘द लास्ट ऑफ अस’ हा देखणा खेळ त्याच प्रोसेसरवर आणि तेवढ्याच मेमरीवर चालत होता. यंत्र तेच होते. त्याच्याकडून काम करून घेण्याचे कौशल्य वाढले होते.

तिसरी कसोटी मालकाच्या अधिकाराची. या कन्सोलवर लिनक्स प्रणाली बसवून त्याचा संगणकासारखा उपयोग करण्याची सोय आरंभी दिलेली होती. अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेने न्यूयॉर्क राज्यातील रोम या शहरी १,७६० कन्सोल एकत्र जोडले आणि त्यांना इतर सर्व्हरची व ग्राफिक्स प्रोसेसरची जोड देऊन २०१० मध्ये ‘काँडोर’ हा महासंगणक उभारला. तो सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी गणिती क्रिया करू शकत असे.

मात्र त्याच वर्षी १ एप्रिलला सोनीने सुरक्षिततेचे कारण देऊन ही सोय काढून घेणारे अद्ययावतीकरण जारी केले. ते न स्वीकारणाऱ्यांना कंपनीच्या इंटरनेट सेवेला मुकावे लागे. पैसे मोजून घेतलेले यंत्र घरातच होते, पण त्यातील एक शक्ती गेली होती. अमेरिकेतील काही ग्राहकांनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली.

तात्पर्य, अधिक शक्तिमान यंत्र कोणते, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आकड्यांच्या जोडीने किंमत, टिकाऊपणा आणि वस्तूवरील आपला अधिकार यांचाही विचार केला, तरच तुलना पूर्ण होते. कष्टाचे पैसे खर्च करणाऱ्याने तरी ती अर्धवट सोडू नये.

शब्दार्थ

कसोटी – पारखण्याचे माप
ऐपत – खर्च करण्याची क्षमता
अद्ययावतीकरण – नव्या बदलांनुसार केलेली सुधारणा

स्वाध्याय

१. ‘सेल’ प्रोसेसरमधील एक विभाग बंद का ठेवला जाई?
२. मुकादमाच्या दृष्टान्तातून कोणती रचना स्पष्ट होते?
३. सोय काढून घेण्याचा सोनीचा निर्णय तुम्हाला योग्य वाटतो का? सकारण लिहा.
४. तुमच्या वापरातील कोणत्याही दोन वस्तूंची तीन कसोट्यांवर तुलना करा.