केशरी कार्ड, पण धान्य किती रुपयांत?

समजा, एका चाळीत दोन केशरी कार्डं आहेत आणि दोन्ही घरांत पाच-पाच माणसं. टाळेबंदीतल्या मे 2020 चा हिशेब मांडा. पहिल्या घराला 25 किलो धान्य 60 रुपयांत, वर 25 किलो तांदूळ फुकट. दुसऱ्याला 25 किलोचे 240 रुपये आणि फुकट काही नाही. दुकानदाराने लबाडी केलेली नाही, दोन्ही दर सरकारीच.

पहिलं घर अन्नसुरक्षा कायद्याच्या 'प्राधान्य कुटुंब' यादीत होतं. गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये किलो, माणशी पाच किलो, आणि गरीब कल्याण योजनेचे माणशी पाच किलो वेगळे. दुसरं यादीबाहेरचं. त्यांना राज्याने मे-जूनमध्ये माणशी तीन किलो गहू 8 रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ 12 रुपयांनी दिला. म्हणून कार्डाच्या रंगावर विसंबू नका. प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे का ते बघा, आणि आपला 12 अंकी शिधापत्रिका क्रमांक यादीत आहे का, हे दुकानात विचारा.

केशरी कार्ड वर्षाला एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाला मिळतं. प्राधान्य यादीची मर्यादा मात्र शहरात 59,000 आणि गावात 44,000 रुपये. शहरातली मर्यादा म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. चार घरची धुणीभांडी करणारी बाई ती ओलांडते. ही मर्यादा मला अन्यायाची वाटते. सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डाला मात्र माणसं कितीही असोत, घरामागे 35 किलो.

कार्डच नव्हतं त्यांना त्या मे-जूनमध्ये माणशी पाच किलो तांदूळ आणि घरामागे एक किलो चणे फुकट होते. दहा रुपयांची शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आणली होती: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात.

संकटात सगळ्यात आधी धान्य मिळतं ते आधीच यादीत असलेल्यांना. म्हणून नावं आत्ताच तपासा. प्राधान्य कार्डावर बाळाचं नाव चढवायचं राहिलं, तर महिन्याला पाच किलो गेले. नव्या सुनेचं नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी करून घ्यावं लागतं, तो दाखला जोडा. प्रत्येकाचं आधार जोडलेलं हवं. अर्ज मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात, इतरत्र तहसीलच्या पुरवठा शाखेत.

जानेवारी 2023 पासून प्राधान्य आणि अंत्योदय कार्डांचं हे धान्य पूर्ण मोफत आहे. कोणी हमाली म्हणून, पिशवीचे म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. अंगठा लावतो त्या ई-पॉस मशीनची पावती मागून घ्या, तीवरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळवून बघा, आणि कमी भरले तर 1967 वर तक्रार करा. कार्ड गावाकडचं असलं तरी शहरातल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. त्यासाठी गावी जायचं एसटीभाडं घालवू नका.