जुन्या ट्रॅक्टरचा रेडिएटर : उतरवावा कसा, झाळावा कसा

भातलावणी जवळ आली की महाड-पोलादपूर भागात जुने ट्रॅक्टर गरम होऊ लागतात. वर्षभर विटा-खडीची ट्रॉली ओढायची, मधूनच आंबेनळी नाहीतर वरंध घाट चढायचा, आणि पाऊस पडला की चिखलणीला उतरायचे. चिखलणीत वेग कमी आणि जोर जास्त. जाळीत चिखल आणि पेंढ्याची कुसळे भरतात. त्यातच रेडिएटर गळू लागला की मालक पहिला इलाज घरातलाच करतो : वरून मूठभर हळद. गळती काही दिवस थांबते, हे खरे. पण जी हळद भोक बुजवते ती शेजारच्या चांगल्या नळ्यांतही बसते. मग गळत नाही, पण तापते, आणि शेवटी हेड गॅस्केट जाते किंवा हेडच वाकते. झाळकामाच्या खर्चात भागणारे काम इंजिन खोलण्यावर येते. म्हणून आमचे कारागीर बंधूंना सांगणे आहे की गळका रेडिएटर गाडीवर ठेवून दुरुस्त करू नये, उतरवूनच करावा.

आधी गाडी ओळखावी. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर काढलेला बी-२७५ किंवा जुना मॅसी फर्ग्युसन १०३५ यांचा मूळ रेडिएटर तांब्या-पितळेचा. जुन्या आयशरचे इंजिन हवेने थंड होणारे, त्याला रेडिएटरच नाही. कोणी मधल्या काळात ॲल्युमिनियमची जाळी बसवली असेल तर आपली कथील-शिशाची झाळ तिला धरणार नाही, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे.

इंजिन पूर्ण निवल्याशिवाय टोपण उघडू नये. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सुटताच एकदम वाफ होऊन तोंडावर येते. खालचा कॉक उघडून पाणी घमेल्यात घ्यावे. त्यात कुलंट असेल तर जमिनीवर सोडू नये. ते गोडसर असते, जनावर पिते आणि मरते. मग बॅटरीची तार सोडून बोनेट काढावे. जुना होज पाइप चिकटला असेल तर पिळू नये, सुरीने उभा चिरावा. रबर स्वस्त आहे. टाकीची नळी वाकली तर तिची झाळ तुटते. पंख्याभोवतीच्या पत्र्याचे बोल्ट काढून तो मागे सरकवावा, पंखा आणि जाळी यांच्या मध्ये पुठ्ठा घालावा, आणि खालचे बोल्ट सोडून रेडिएटर दोघांनी सरळ वर उचलावा.

इथे एक गोष्ट नीट पाहावी. बोल्टाखाली रबरी वायसर आहेत का? खालच्या टाकीचा जोड पुन्हा पुन्हा सुटत असेल तर दोष बहुधा झाळीचा नसतो. रबर गेलेले असते आणि इंजिनचा सगळा हादरा पितळेवर येतो. चार वायसर बदलले नाहीत तर उस्तादाची झाळही टिकत नाही.

बाहेरचा चिखल आधी भिजवावा, मग पंख्याच्या बाजूने पुढच्या बाजूकडे हलक्या धारेने काढावा. जोराची धार मारली की पातळ पत्र्या आडव्या होतात. पुराच्या पाण्यात बुडालेल्या यंत्राला, जशी जुलै २०२१ मध्ये महाडला बुडाली, हे काम दोनदा करावे लागते. आतून धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी भरून ठेवावे आणि नंतर खालून वर उलट्या दिशेने पाणी सोडावे.

गळती शोधताना तोंडे बंद करून रेडिएटर हौदात बुडवावा आणि हवा भरावी. हवेचा दाब टोपणावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त नको. जास्तीचा दाब चांगले जोडही फोडतो. बुडबुडा येईल तिथे खूण करून रेडिएटर वाळवावा. पितळ लखलखीत होईपर्यंत घासावे, जस्त मारलेले तेजाब लावावे, मगच झाळ द्यावी. मळक्या धातूवर झाळ नुसती बसते, धरत नाही. साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे यांची झाळ १९० अंशांच्या आसपास पातळ होते, म्हणून बत्ती बेताने धरावी. नाहीतर एक भोक बुजवताना शेजारचे दोन जोड सुटतात. काम झाल्यावर तेजाब सोड्याच्या पाण्याने धुवावे, नाहीतर हिरवा गंज तिथूनच सुरू होतो. शिशाचा धूर मोकळ्या जागीच जाऊ द्यावा. लहान शागीर्दाला त्यावर वाकवू नये. हात धुतल्याशिवाय चहालाही बसू नये.

नळी मधोमध फुटली असेल तर टाकी उतरवून ती दोन्ही टोकांना बंद करतात. हे चालते, पण आमच्या मते दहात एकापेक्षा जास्त नळ्या बंद करायची वेळ आली तर नवी जाळी सांगावी. किती बंद केल्या ते पावतीवर लिहावे. आणि नवी जाळी बसवली तर जुनी गिऱ्हाईकाच्या हातात द्यावी. तांब्या-पितळेला भंगारात चांगला भाव आहे. ती जाळी त्याची अमानत आहे, आपली मजुरी नव्हे. दुरुस्त होणारी जाळी तांब्याच्या लोभाने 'गेली' म्हणणे ही तर उघड चोरीच. पोलादपूरसारख्या लहान बाजारात अशी गोष्ट लपतही नाही.

बसवताना नवे रबर, नव्या क्लिपा घालाव्यात. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे फार सवय. गाडी थंड राहते असे वाटते. पण थंड डिझेल इंजिन जास्त झिजते आणि डिझेलही जास्त खाते. खराब असेल तर बदलावा. पाणी हळूहळू भरावे, टोपण न लावता इंजिन चालू करावे, हवा निघून पातळी बसली की पुन्हा भरावे. इंजिन तापल्यावरही बुडबुडे थांबतच नसतील तर गॅस्केटमधून वायू पाण्यात येतो आहे असे समजावे आणि गाडी सोडण्याआधी मालकाला ते दाखवावे.